मंडईला चढणारी

भुयारातली मेट्रो सुरू झाली आणि आमचा सुदर्शन माणसात आला, असं पूर्णिमा सुरुवातीला सगळ्यांना नवऱ्याबद्दल कौतुकाने सांगायची. सुरुवातीलाच फक्त.

त्याआधीचा सुदर्शन अख्ख्या सोसायटीने पाहिलेला होता. पर्वतीपायथ्याहून पिंपरीपर्यंत रोज मोटारसायकल. त्याचे वडील त्याच रस्त्यावरच्या एका कारखान्यात लेथवर होते. कंपनीच्या बसने जायचे आणि बसमध्येच झोप काढायचे. पुढे तो कारखाना बंद पडला, त्या जागी काचेची इमारत उभी राहिली, आणि मुलगा त्या इमारतीत बसून परदेशी इंजिनांची ड्रॉइंग्ज कॉम्प्युटरवर करू लागला. पगार वाढला, बस गेली. संध्याकाळी घरी येणारा सुदर्शन म्हणजे कमरेत उसण, नाकात काळी धूळ आणि तोंडात दापोडीच्या पुलाचा उद्धार. जेवताना बोललाच तर कोणत्या ट्रकने कसं दाबलं एवढंच. पूर्णिमाही तेवढीच दमलेली असायची. टिळक रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात ती गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची. दिवसभर परक्या माणसांना ‘आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?’ असं गोड आवाजात विचारल्यावर घरच्या माणसासाठी गोडवा उरायचा नाही.

मेट्रोचेही ताप होतेच. स्वारगेटचं स्टेशन पाताळात, सरकत्या जिन्यांवरून उतरता उतरता माणूस आपण निघालो कशाला होतो तेच विसरावा असं. मोबाइलवरचं तिकीट गेटच्या यंत्राला नेमकं आपल्याच वेळी दिसायचं नाही. बोगद्यात फोनला रेंज नाही. पिंपरीला उतरलं की रिक्षावाला ‘तिकडं नाय जायचं’ म्हणून तोंड फिरवून मोकळा. सुदर्शन हे सगळं सांगायचा, पण हसत सांगायचा. गाडी स्वारगेटहूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते, गार हवा असते, शर्टाची कॉलर संध्याकाळपर्यंत पांढरी राहते. तो शीळ घालत घरी यायला लागला. स्वतःचं ताट स्वतः उचलायला लागला.

पूर्णिमाला आधी मेट्रोचाच हेवा वाटला. हा गारव्यात बसून जाणार आणि आपण स्कूटरवर बसच्या धुरात, सिग्नलला डोक्यावर ऊन घेत उभ्या. तिच्या दुकानाच्या वाटेवर मेट्रो नव्हतीच. पहिल्या रविवारी ‘चल, नुसतं जाऊन येऊ’ म्हणून तो तिच्या मागे लागला होता, पण तिने तेव्हा कपड्यांचं मशीन लावलं होतं. ‘तू जा,’ ती म्हणाली होती. तो एकटा गेला. त्या संध्याकाळपासूनच ती शीळ सुरू झाली होती.

मग बारीकसारीक गोष्टी खटकायला लागल्या.

एकदा चहा पिता पिता त्याने विचारलं, “दुकानातल्या त्या नव्या मुलीचं जमलं का गं? ते कोल्हापूरचं स्थळ?” पूर्णिमाने जमल्याचं सांगितलं, आणि कप विसळताना तिच्या लक्षात आलं की त्या मुलीबद्दल आपण याला काही बोललोच नव्हतो. बोललो असू, दमलेल्या माणसाला काय आठवतंय, असं म्हणून तिने कप पालथा घातला. दुसऱ्या आठवड्यात तो अंजिरं घेऊन आला.

“आज अंजिरं कशी काय सुचली?”

“सकाळी तूच म्हणालीस ना, खावीशी वाटतायत.”

सकाळी ती त्याच्याशी दोनच वाक्यं बोलली होती. एक गिझर बंद करण्याबद्दल आणि दुसरं दार नीट ओढून घेण्याबद्दल. मात्र अंजिरं खावीशी वाटत होती हे खरं होतं. तिने ती मुकाट्याने खाल्ली, आणि ती गोड निघाली याचाही तिला राग आला.

जया समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची आणि कोर्टाजवळ एका वकिलाच्या ऑफिसात कामाला जायची. मेट्रो सुरू झाल्यापासून तीही स्वारगेटहूनच चढायची. ती एके दिवशी इस्त्रीवाल्यापाशी भेटली.

“काल पाहिलं हं तुम्हा दोघांना मेट्रोत,” जया म्हणाली. “हाक मारणार होते, पण म्हटलं, चाललंय तर चालू दे. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर नवरा-बायको असं हसतात, हे आमच्या घरी सांगितलं तर कोणाला पटायचं नाही.”

काल सकाळी पूर्णिमा घरीच होती. गॅसची टाकी येणार होती.

“मी कुठे होते?” तिने शक्य तितक्या सहज विचारलं.

“होता की. पाठमोऱ्या होतात, पण तुमची मान मी ओळखते.”

आणि तिथून पूर्णिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती उतरेचना. बाई आहे. मेट्रोत आहे. म्हणून ती शीळ, म्हणून अंजिरं. ‘सकाळी तूच म्हणालीस’ म्हणे! कोणीतरी म्हणाली असणार सकाळी, आणि या बावळटाला अंजिरं कोणासाठी आणायची होती तेही लक्षात राहिलं नाही. वर तिची मान आपल्यासारखी. निदान वेगळी तरी शोधायची! दुकानात ती गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत होती आणि मनात त्या बाईला एकेक साडी नेसवून बघत होती. प्रत्येक साडीत ती बाई पूर्णिमापेक्षा बरी दिसत होती.

तिने दुकानात रजा टाकली आणि घरी सांगितलं नाही. सुदर्शन निघाल्यावर तिने स्कूटरवर बांधतात तसा स्कार्फ डोक्यातोंडाला गुंडाळला. पुण्यात स्कार्फ बांधलेल्या बाईला सख्खा भाऊ ओळखत नाही, नवऱ्याची काय कथा! ती त्याच्या मागोमाग स्टेशनात उतरली आणि त्याच डब्यात पलीकडच्या दाराने चढली.

सुदर्शन कडेच्या जागेवर बसला. त्याने खिशातून रुमाल काढला, झटकला आणि शेजारच्या जागेवर पसरला. नव्या लग्नात ती दोघं सणावारी तिच्या माहेरी वाईला जायची, तेव्हा याच स्वारगेटवर, एसटी स्टँडमध्ये, चालत्या गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकून तो दोघांसाठी जागा धरायचा. त्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण मेट्रोत रुमाल टाकून जागा धरायची म्हणजे कमालच होती. समोरची दोन पोरं एकमेकांना कोपर मारून हसली. एक जाडजूड गृहस्थ रुमालाकडे बघत थांबले.

“सॉरी हं,” सुदर्शन म्हणाला, “मिसेस चढतायत मंडईला.”

“तोपर्यंत बसतो की.”

“नको, प्लीज.”

गृहस्थ ‘मेट्रो आली तरी एसटी काही जात नाही’ असं मोठ्याने पुटपुटत पुढे गेले.

मिसेस! पूर्णिमाने वरचा दांडा घट्ट धरला. मिसेस म्हणतो तिला, चारचौघांत.

गाडी सुटली. खिडक्या काळ्या झाल्या. पुढील स्थानक मंडई, असं एका बाईच्या आवाजाने आधी मराठीत आणि मग आणखी दोन भाषांत सांगितलं. सुदर्शनने केसांवरून हात फिरवला. दारं उघडली आणि माणसं आत लोटली. भाजीच्या पिशव्या, कोथिंबिरीचा वास, कॉलेजची पोरं, कानांत इअरफोनची बोंडं घातलेले नोकरदार. पूर्णिमा प्रत्येक बाईचा चेहरा बघत होती. सुदर्शनने वर पाहिलं, त्याचा चेहरा उजळला, आणि त्याने रुमाल उचलून त्याची घडी केली.

जागा रिकामीच राहिली.

डबा भरला होता. लोक एकमेकांना खेटून उभे होते, पण त्या जागेवर कोणी बसलं नाही. सुदर्शन मान वाकडी करून हळू आवाजात बोलत होता. मध्येच थांबत होता, ऐकत होता आणि हसत होता. पूर्णिमा घामाघूम होऊन गर्दीतून पुढे सरकली. शेजारी एक वयस्क बाई दोन जड पिशव्या घेऊन उभ्या होत्या.

“काकू, बसा ना तिथे,” पूर्णिमा त्यांना म्हणाली.

“कुठे?”

“ती काय जागा, त्यांच्या शेजारी.”

काकूंनी जागेकडे पाहिलं, मग पूर्णिमाकडे. “त्या बाईंच्या मांडीवर बसू?”

“कोणत्या बाई?”

“अहो, चष्मा लावत जा.”

पूर्णिमाला चष्मा नव्हता. तिचा नंबर शून्य होता, दोन्ही डोळ्यांचा. तिला त्या जागेचं निळं प्लास्टिक दिसत होतं, त्यावरचा बारीक ओरखडा दिसत होता, मागच्या काळ्या काचेत सुदर्शनच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती. भीती वाटायला हवी होती. पण तिच्या तोंडून आधी दुसरंच निघालं.

“कशी आहे हो दिसायला?”

काकूंना प्रश्न विचित्र वाटला असावा, पण बायकांना असल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आवडतं. “आहे की चांगली. हसरी आहे. नवराही बघा कसा, दुसरीकडे लक्ष नाही त्याचं.”

पूर्णिमाने स्कार्फ खाली ओढला. काकूंनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, पुन्हा त्या जागेकडे पाहिलं.

“अगंबाई, बहीण होय तुमची? धाकटी?”

धाकटी. आयुष्यात इतकं काही तिला लागलं नव्हतं.

कसबा पेठ गेलं, कोर्टाचं स्टेशन गेलं. गाडीच्या घरघरीत सुदर्शनचं बोलणं बुडत होतं, तरी एक शब्द तिच्यापर्यंत आला. “पुनू,” तो म्हणाला. पहिल्या वर्षी तो तिला पुनू म्हणायचा. मग कधीतरी ते सुटलं, आणि सुटल्याचं दोघांपैकी कोणी बोललं नाही. आता तो ते नाव निळ्या प्लास्टिकला देत होता.

शिवाजीनगरला त्याने गुडघे आवळून कोणाला तरी वाट दिली. दारातल्या गर्दीत एक फट पडली आणि मिटली. लगेच काकू पिशव्या घेऊन त्या जागेवर बसल्या. गाडी वर उन्हात आली. सुदर्शन फोनमध्ये डोकं घालून बसला, आणि त्याचा चेहरा पुन्हा तिच्या ओळखीचा झाला.

संध्याकाळी तिने वाढता वाढता विचारलं, “उद्या मी येऊ का रे तुझ्याबरोबर मेट्रोने?”

तो हसला. “उद्या म्हणजे? रोज येतेस ते काय?”

“मी?”

“मंडईला चढतेस, शिवाजीनगरला उतरतेस. आज काय झालंय तुला?”

“घर इथे आणि मी मंडईला कशाला चढेन?”

“हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तू म्हणालीस, विचारू नकोस. मग नाही विचारलं.”

पूर्णिमाने आमटीचा डाव भांड्यात ठेवला. “आणि मग घरी का नाही बोलत तू तसा?”

तो चपापला. वचन मोडल्यासारखा खाली बघत म्हणाला, “तूच सांगितलंयस ना, घरी हा विषय नको म्हणून.”

ती मी नव्हे, एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होते. पण ते म्हटलं की हा दोघींना समोरासमोर ठेवून बघणार. ती हसरी, ऐकून घेणारी, जिला अंजिरं खावीशी वाटतात हे सांगता येतं ती. आणि ही गिझर बंद कर म्हणणारी. तशा तुलनेत कोण हरणार हे पूर्णिमाला कळत होतं. तिने त्याला आणखी आमटी वाढली आणि ठरवलं की उद्या त्या जागेवर आपण बसायचं. जागा आपली आहे. रुमाल आपल्यासाठी आहे. लग्नाची बायको आपण आहोत.

सकाळी तो अंघोळीला गेला तेव्हा तिने ठेवणीतली अबोली साडी नेसली, केस सोडून पुन्हा बांधले आणि त्याच्या आधी घराबाहेर पडली. स्कूटर मंडईपाशी लावली. स्कार्फ स्कूटरच्या डिकीत टाकला. खाली फलाटावर गार वारा होता आणि वरच्या भाजीचा वास इथपर्यंत येत होता. ती त्याचा डबा थांबतो तिथे सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. आपल्या शेजारी, अगदी खेटून, कोणी उभं आहे का हे ती सारखं बघत होती. कोणी नव्हतं.

गाडी आली. दार उघडलं. सुदर्शन रुमाल उचलत होता.

ती धावली आणि बसली.

जागा गरम होती. नुसती गरम नाही. खाली मऊ होतं.

“अहो, अहो!” सुदर्शन उठूनच उभा राहिला. “मॅडम, जरा बघून बसा ना. मिसेस बसल्यात.”

पूर्णिमा ताडकन उठली. आजूबाजूचे लोक तिच्याकडे बघत होते. कोणीतरी ‘काय लोक असतात’ म्हणालं.

“सुदर्शन,” ती म्हणाली, “मी आहे रे.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. नीट, सभ्यपणे, आठवायचा प्रयत्न करत.

“माफ करा,” तो म्हणाला, “ओळखलं नाही आपल्याला.”

मग तो खाली बसला आणि रिकाम्या जागेकडे वाकला. “लागलं का गं, पुनू?”

उत्तर आलं असावं, कारण तो हसला.

पूर्णिमा दांड्याला धरून उभी राहिली. तिथून हललीच नाही. कसबा पेठ. कोर्ट. तिच्या समोर, हाताच्या अंतरावर, तिचा नवरा सुखात होता.

शिवाजीनगर आलं. त्याने गुडघे आवळले.

पूर्णिमाच्या पोटऱ्यांना साडीच्या निऱ्या घासून गेल्या. दुसऱ्या साडीच्या. वास तिच्याच साबणाचा होता.

दारं मिटली. पिशवीवाली एक बाई पुढे सरकली, पण तिच्या आधी पूर्णिमा त्या जागेवर बसली. या वेळी खाली नुसतं प्लास्टिक होतं. तिने डोळे मिटून घेतले. पापण्यांवर ऊन आलं, तेव्हा गाडी वर आल्याचं तिला कळलं.

“अगं!” शेजारून आवाज आला. “आज उतरली नाहीस?”

तिने डोळे उघडले. सुदर्शन तिच्याकडे बघत होता. चेहरा उजळलेला होता.

“नाही,” ती म्हणाली. “म्हटलं, आज पुढपर्यंत यावं.”

“मी कधीचा म्हणतोय! बरं झालं, पुनू.” त्याने तिचा हात हातात घेतला. किती वर्षांनी घेतला होता. “थांब, तुला गंमत दाखवतो. आता नदी येईल, आणि बाजूला माझा तो पूल. वरून बघ त्याचे हाल.”

नदी आली. खाली पुलावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या, हॉर्न ऐकू येत नव्हते. सुदर्शनने एका ट्रकवाल्याची नक्कल केली आणि पूर्णिमाला हसू आलं. ती मोठ्याने हसली. तिचं तिलाच नवल वाटलं, इतकं बरं हसता येत होतं. जिंकले, तिला वाटलं. उद्याही मीच बसेन. परवाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

त्याने तो खिशातून काढला आणि दोघांनाही पडद्यावरचं नाव दिसलं. पूर्णिमा. तिचा स्वतःचा फोन तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये होता, बंद, गप्प.

सुदर्शनने कपाळाला आठ्या घातल्या, ओठांवर बोट ठेवून तिला गप्प राहण्याची खूण केली आणि फोन कानाला लावला.

“हं. बोल.” आवाज घरचा होता, कोरडा. “गाडीत आहे. हो, केला गिझर बंद. कोण असणार? कोणी नाही. एकटाच आहे.”

बोलता बोलता त्याने तिचा हात हळूच दाबला.

मग फोनमधून पूर्णिमाचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ.

“मग आत्ता हसली ती कोण?”